अब्बांनाही मेल आली

माझी मंगनी झाली आणि पंधरवड्यात तो पुन्हा आखातात निघून गेला. न्हावरे गावचा मुलगा, तिकडे मोठ्या इमारतींच्या एसीचं काम बघायचा. जायच्या आदल्या दिवशी तो दौंडला आमच्या घरी आला, चहा प्यायला आणि अब्बांच्या हातात एक सीडी देऊन म्हणाला, "मामा, ह्यात मराठीचा फॉन्ट हाय. मीच टाकून देतो, म्हंजी मेल मराठीत लिवता येईल."

अब्बांना ते आवडलं. रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झाल्यावर हाताला काम नाही म्हणून त्यांनी कॉम्प्युटर घेतला होता आणि पुढच्या खोलीत खिडकीपाशी मांडला होता. त्यावर त्यांची जुन्या सहकाऱ्यांशी इंग्रजीत पेन्शनची चर्चा चालायची. मेलच्या प्रोग्राममध्ये त्यांचं एक खातं होतं आणि माझं एक. माझ्या खात्याला पासवर्ड होता. तो ठेवताना अब्बा शेजारीच खुर्चीवर बसले होते आणि मुद्दाम खिडकीबाहेर बघत होते.

"लिवा, बोला," ते मला म्हणाले होते, "पण हितं घरात बसून."

आम्ही दोघंही मराठी शाळेत शिकलेले. घरात दखनी चालायची, अब्बा तर अर्धं मराठीतच बोलायचे. उर्दू लिहायला गेलं की माझा हात अडखळायचा आणि इंग्रजीत मन अडखळायचं. त्यामुळे तो फॉन्ट आला आणि आमची ओळख खऱ्या अर्थाने सुरू झाली. पहिल्या मेलींत तो मला 'तुम्ही' म्हणायचा. उन्हाळ्यात कधीतरी 'तू' म्हणायला लागला आणि मला वाईट वाटलं नाही. त्याला मेल बघायला फक्त शुक्रवारी मिळायचं, सुट्टीच्या दिवशी कामगारांच्या कॅम्पपासून लांबच्या एका दुकानात. म्हणून माझा सगळा आठवडा शुक्रवारकडे सरकत राहायचा. मी तेव्हा पाटसच्या हायस्कुलात शिकवत होते. शुक्रवारी शाळेतून परतताना एसटी हायवेला अडली की मी उभी राहून पुढे बघायचे, जणू माझ्या बघण्याने ती पुढे जाणार होती.

एका मेलच्या शेवटी त्याने लिहिलं: "पुढच्या शुक्रवारी तुला एक गोष्ट विचारणार आहे. आठवडाभर नीट विचार करून लिहितो. तोवर घरात काही बोलू नको."

तो आठवडा मी कसा काढला ते मलाच ठाऊक. काय विचारणार असेल? लग्न पुढे ढकलायचं असेल? तिकडे कुणी दुसरी? मला नोकरी सोडायला सांगेल? वर्गात फळ्यावर गणित मांडताना मी मधलीच पायरी विसरायचे आणि पोरं आठवण करून द्यायची.

नेमकं त्या गुरुवारी अब्बांनी स्टेशनरोडच्या कॉम्प्युटरवाल्याला घरी बोलावलं. मशीनमध्ये व्हायरस शिरतात, नवीन अपडेट टाकून घ्या, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. त्या माणसाने पिशवीतून सीडी काढली, सिस्टिम अपडेट केली, दोन वेळा मशीन बंद-चालू केलं आणि गेला.

शुक्रवारी संध्याकाळी मी खातं उघडलं. पासवर्ड घातला. इंटरनेटसाठी फोन लागल्याचा तो किर्र आवाज झाला, मेल उतरली. यादीत सगळ्यात वर त्याचं नाव दिसलं. खालच्या चौकटीत मेलचा मजकूर उमटणार, तेवढ्यात पडदा क्षणभर थिजला आणि इंग्रजीत पाटी आली, की या प्रोग्रामला अडचण आली आहे, तो बंद करावा लागेल, गैरसोयीबद्दल क्षमस्व. आणि खिडकी मिटली.

मी पुन्हा उघडलं. पुन्हा त्याचं नाव दिसलं, पुन्हा पाटी आली. मशीन बंद करून चालू केलं. तेच. दर वेळी डोळ्यांची पापणी लवेपर्यंत त्याचं नाव दिसायचं आणि सगळं नाहीसं व्हायचं.

"काय गं, झालं का तुझं?" अब्बा आतून म्हणाले.

"झालं," मी म्हणाले आणि उठले.

मी खुर्ची सोडताच ते येऊन बसले. त्यांनी त्यांचं खातं उघडलं आणि ते व्यवस्थित उघडलं. पेन्शनच्या मेली एकामागून एक वाचत राहिले. मी दारात उभी राहून बघत होते. त्यांचं चालतं आणि माझंच का मिटतं, हे मला कळेना. आणि त्यांना सांगावं तर ते लगेच त्या माणसाला पुन्हा बोलावणार, तो माझा पासवर्ड मागणार आणि अब्बांच्या समोर एकेक मेल उघडून बघणार. मी स्वयंपाकघरात निघून गेले.

शनिवारी शाळा सुटल्यावर मी स्टेशनजवळच्या सायबर कॅफेत गेले. तिथून आपली मेलपेटी उघडली तर ती रिकामी. आमचा घरचा प्रोग्राम मेल उतरवून घ्यायचा आणि तिकडची पुसून टाकायचा. म्हणजे त्याचा प्रश्न आता जगात एकाच ठिकाणी होता, आमच्या पुढच्या खोलीत, खिडकीपाशी. मग मी त्या पाटीवरचे शब्द जसेच्या तसे टाकून शोध घेतला. जगभर लोकांचं असंच झालेलं होतं. कुणी म्हणत होतं व्हायरसवाल्या प्रोग्रामला मेल तपासू देऊ नका, कुणी म्हणत होतं जुन्या मेली आवळून जागा मोकळी करा, कुणी म्हणत होतं प्रोग्राम काढून पुन्हा टाका. मी सगळं हातावर उतरवून घेतलं, कागद नव्हता म्हणून.

तो आठवडा मी अब्बा नमाजला गेले की कॉम्प्युटरला बसायचे आणि ते परत आले की उठायचे. व्हायरसवाला प्रोग्राम बंद करून पाहिला. मेली आवळून पाहिल्या. प्रोग्राम काढून पुन्हा टाकायला मात्र हात धजावला नाही. काढताना मेलीही गेल्या तर? रोज एक उपाय संपत होता. अम्मीने एकदा विचारलं, "इतक्या येरझाऱ्या का घालतीस? पाय दुखत न्हाईत का?" तेव्हा कळलं, की मी स्वयंपाकघर ते पुढची खोली अशी कितीतरी वेळ चालतच होते.

पुढचा शुक्रवार उजाडला आणि त्या दिवशी मेलऐवजी फोन आला. फोनही पुढच्याच खोलीत होता. अब्बा समोर पेपर धरून बसले होते. त्यांनी त्याची ख्यालीखुशाली विचारली आणि रिसीव्हर माझ्याकडे दिला.

"मेल मिळाली?" तो म्हणाला.

"मिळाली." ते खोटं नव्हतं. मिळाली तर होतीच.

"मग काय म्हणणं हाय तुझं?"

पेपरचं पान हलत नव्हतं. उघडलीच नाही म्हणावं तर अब्बा लगेच "का? काय झालं?" म्हणणार.

"विचार करून सांगते," मी म्हणाले.

तिकडे नुसती खरखर ऐकू आली. "आठवडा झाला की," तो म्हणाला. आणि मग हलक्या आवाजात, "बरं. कर विचार. मामांना सलाम सांग."

फोन ठेवल्यावर अब्बांनी विचारलं, "कसला विचार?" मी म्हणाले, "काही नाही, शाळेचं." त्यांनी पेपर उलटला.

दुसऱ्या दिवशी मी कॅफेतून त्याला इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलं: तुझी मेल उघडत नाही, काय विचारलंस ते पुन्हा लिही. पण ते तो वाचणार पुढच्या शुक्रवारी. माझं 'विचार करून सांगते' मात्र त्याच्याकडे आधीच पोचलं होतं आणि ते आठवडाभर त्याच्या डोक्यात फिरणार होता. कॅफेतून घरापर्यंत मी चालत आले ती जवळजवळ पळतच.

रविवारी सकाळी अब्बा कॉम्प्युटरवरून ओरडले, "अरे, हे काय झालं?"

मी धावत गेले. पडद्यावर तीच पाटी. "आत्ता उघडत होतं," ते म्हणाले, "आन् झटक्यात मिटलं."

"पुन्हा उघडा."

त्यांनी उघडलं. त्यांचा चष्मा कपाळावर होता म्हणून त्यांना दिसलं नाही, पण मला दिसलं. त्यांच्या यादीतही सगळ्यात वर त्याचं नाव होतं.

त्याने अब्बांना लिहिलं होतं. माझं उत्तर ऐकून, फोन ठेवून, त्याच दुकानात बसून त्याने अब्बांना लिहिलं होतं. काय लिहिलं असेल?

अब्बांना वाट बघणं ठाऊकच नव्हतं. तासाभरात तो स्टेशनरोडचा माणूस हजर झाला. त्याने दोन-चार ठिकाणी क्लिक केलं, मान हलवली आणि म्हणाला, "फॉरमॅट मारावं लागेल, आबा. सगळं कोरं करून नव्यानं टाकतो."

"आणि मेली?" मी विचारलं.

"त्या जातील, ताई. पण मशीन नवं होईल."

"नको," मी म्हणाले. इतक्या जोरात, की अम्मी आतून बाहेर आली.

अब्बांनी माझ्याकडे बघितलं, मग त्या माणसाकडे. "इंजिन दुरुस्त करायला डबे जाळत्यात व्हय?" ते म्हणाले. "राहू द्या. आमचं आम्ही बघतो."

"मग मला परत बोलावू नका," असं म्हणून तो पिशवी उचलून निघून गेला. अब्बा माझ्याकडे वळले. "बघ आता तूच. तुझं बी उघडत न्हाई ना? आठवडा झाला बघतोय मी तुझं बसणं-उठणं."

म्हणजे त्यांना सगळं दिसत होतं. मी खुर्चीत बसले.

आता त्यांच्यासमोर बसले होते, लपवायचं काही उरलं नव्हतं, म्हणून असेल, डोकं पहिल्यांदाच सरळ चालायला लागलं. अब्बांच्या खात्यात इतके दिवस सगळं उघडत होतं. त्याची मेल आली आणि बंद पडलं. माझ्या खात्यात फक्त त्याच्याच मेली. म्हणजे दोष खात्यात नव्हता, त्याच्या मेलीत काहीतरी होतं. आणि त्याच्या मेलीत असं काय होतं, जे पेन्शनवाल्यांच्या मेलीत नव्हतं?

"मराठी," मी मोठ्यांदा म्हणाले.

"काय?"

मी खालची मजकुराची चौकट बंद ठेवायची खूण शोधून काढली. ती बंद केल्यावर प्रोग्राम उघडा राहिला, नुसती नावांची यादी दाखवत. मग मी अब्बांच्या खात्यावरून अब्बांनाच इंग्रजीत एक ओळ पाठवली. आली, उघडली. दुसऱ्या मेलीत त्या मराठी फॉन्टमध्ये एकच शब्द लिहिला, 'सलाम'. आली. तिच्यावर क्लिक केलं आणि खिडकी मिटली.

अब्बा खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून वाकून बघत होते. "परत कर," ते म्हणाले. मी परत केलं. परत मिटली. त्यांनी मान डोलावली.

नव्या अपडेटचं आणि त्या जुन्या फॉन्टचं जमत नव्हतं. मी फॉन्ट मशीनमधून काढून टाकला. मग माझं खातं नाही, अब्बांचंच उघडलं, कारण ते शेजारी उभे होते. त्याच्या मेलवर क्लिक केलं. मेल उघडली. उघडी राहिली. आणि तिच्यात मराठीचं एक अक्षर नव्हतं. इंग्रजी अक्षरं, मध्येच डॉलर, कंस, स्वल्पविराम, उद्गारचिन्हं, नुसता कचरा.

"ही कुठली भाषा?" अब्बा म्हणाले.

मी समजावलं, की हे मराठीच आहे, पण फॉन्ट नसला की असं दिसतं, आणि फॉन्ट टाकला की प्रोग्राम मरतो. शाळेतल्या कॉम्प्युटरवर जुनीच सिस्टिम आहे आणि हाच फॉन्ट आहे, आम्ही प्रश्नपत्रिका त्यातच काढतो. तिथे वाचता येईल.

अब्बांनी पडद्यावरच्या त्या कचऱ्याकडे बोट दाखवलं. "मग माझी बी घेऊन जा," ते म्हणाले. "छापून आण."

सोमवारी फ्लॉपीत दोन्ही मेली घालून मी पाटसला गेले. कारखान्याचा हंगाम चालू होता, उसाच्या गाड्यांमागे एसटी रांगत होती. मी फ्लॉपी पर्समध्ये ठेवली होती आणि ती आहे ना, हे सारखी चाचपून बघत होते. मधल्या सुट्टीत कॉम्प्युटरच्या खोलीत गेले, मजकूर उघडला, सगळा निवडला, फॉन्ट बदलला. कचऱ्याची मराठी झाली.

माझ्या मेलीत त्याने लिहिलं होतं, की करार संपला की तो वाढवायचा नाही, असं त्याने ठरवलंय. न्हावऱ्यात घरोघरी गाई झाल्यात, पण दूध थंड ठेवायची सोय नाही. उन्हाळ्यात संध्याकाळचं दूध नासतं. मला थंड करण्याशिवाय दुसरं काही येत नाही, तेच मी इथे परक्यांसाठी करतो, ते गावात करीन. पण मामांनी मला हो म्हटलं ते मी आखातात आहे म्हणून. आणि तूही तेच डोळ्यांसमोर ठेवलं असशील. तेव्हा आधी तुला विचारतो. गावातल्या माणसाशी लग्न करशील का?

मी खुर्चीत मागे टेकले. इतकंच होतं. ह्याला 'विचार करून सांगते' म्हणाले होते मी.

मग अब्बांची मेल. ती छापायची तर पडद्यावर आणावीच लागणार होती, आणि पडद्यावर आली की डोळे मिटून घेणं मला जमणार नव्हतं. त्याने लिहिलं होतं: "मामा, मी नोकरी सोडून गावी येणार आहे. तुमच्या मुलीला हे मी आधी विचारलं. तिला ते पटलेलं दिसत नाही आणि तिची त्यात काही चूक नाही. तुम्हाला सोयरीक मोडायची असेल तर मी मोडली असं सांगा. तिच्यावर बोल यायला नको."

घंटा झाली. मला तास होता. मी दोन्ही कागद घडी घालून पर्समध्ये टाकले आणि वर्गात गेले. काय शिकवलं ते आठवत नाही.

घरी आल्यावर मी अब्बांना त्यांचा कागद दिला. ते उभ्यानेच वाचायला लागले, मग चष्मा पुसला आणि पुन्हा वाचला. अम्मी दारात उभी राहिली.

"तू फोनवर न्हाई म्हणालीस?"

"विचार करून सांगते म्हणाले."

"का?"

"मी मेल वाचलीच नव्हती, अब्बा. उघडत नव्हती."

"मग तसं सांगायचं की त्याला."

"तुम्ही समोर बसला होतात."

अब्बांनी कागद खाली केला. "मी उठून गेलो असतो."

"तुम्ही कधी उठत नाही."

मी त्यांच्याशी असं कधी बोलले नव्हते. अम्मीने माझ्याकडे बघून डोळे मोठे केले. अब्बा मात्र रागावले नाहीत. खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. लांबून गाडीचा भोंगा ऐकू आला, त्यांनी सवयीने घड्याळाकडे पाहिलं.

"आखातातली नोकरी मी बघितली होती," ते म्हणाले. "खोटं कशाला बोलू? पण मी बी ड्युटीतच जन्म काढला. ही एकटीनं सगळं बघायची. तुम्ही पोरं आजारी पडला का मी मनमाडला, मी सोलापूरला." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुझं काय?"

"मला त्याच्याशीच लग्न करायचंय."

"न्हावऱ्यात राहून?"

"न्हावऱ्यात राहून."

दुसऱ्या दिवशी सकाळी अब्बांनी इस्त्रीचा सदरा घातला, टोपी घातली आणि कुठे जातोय ते न सांगता बाहेर पडले. दुपारी अम्मीला शेजारच्यांकडून कळलं, की ते न्हावऱ्याच्या एसटीत बसले. तो दिवस त्या सगळ्या दिवसांत सर्वांत वाईट गेला. मी शाळेतून आले, भांडी घासली, घासलेली परत घासली. गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन आले. सोयरीक मोडायला गेले असतील का? मोडायची असती तर पत्रावर झालं असतं. की तोंडावर सांगायची म्हणून गेले?

दिवेलागणीला ते आले. हात-पाय धुतले, पाणी प्यायले.

"दुधाच्या कामाला जागा बघितली," शेवटी ते म्हणाले. "रस्त्याकडंला हाय. पाणी बी हाय. त्याच्या बापाला ह्यातलं काहीच ठावं नव्हतं, म्हातारं रडाय लागलं. पोरगं परत येतंय म्हणून." त्यांनी टोपी काढून खुंटीला लावली. "पण लाईट लई जाती तिथं. मी बसलो तेवढ्यात दोनदा गेली. जनरेटर लागंल. ते त्याला लिही."

मी त्यांच्याकडे बघत राहिले.

"बघतीस काय? जा, कॅफे बंद व्हायच्या आत लिही."

मी चपला घालून निघाले. इंग्रजी अक्षरांत लिहिलं, की मेल आता वाचली, ये, मी न्हावऱ्यात राहीन, आणि अब्बा म्हणतात जनरेटर लागेल. त्या शुक्रवारी फोन वाजला तेव्हा अब्बांनी उचलला, "घे" म्हणून माझ्याकडे दिला आणि पेपर घेऊन बाहेर ओट्यावर जाऊन बसले. तिकडे तो हसत होता की रडत होता, ते खरखरीत मला नीट कळलं नाही. "जनरेटर कितीचा म्हणत होते मामा?" एवढंच त्याने दोनदा विचारलं.

करार संपल्यावर तो आला, निकाह झाला. मी न्हावऱ्याहून चौफुल्याला एसटी बदलून पाटसची शाळा चालू ठेवली. दूध थंड ठेवायची टाकी बसायला वर्ष गेलं. पहिल्या उन्हाळ्यात एकदा वीजही नव्हती आणि जनरेटरही सुरू होईना, तेव्हा टाकीभर दूध नासलं आणि गावातल्या बायका दारात येऊन उभ्या राहिल्या. अब्बा त्या दिवशी आमच्याकडेच मुक्कामाला होते. त्यांनी बाह्या वर केल्या, नासलेलं दूध ओतून दिलं आणि जावयाच्या बरोबरीने टाकी धुवायला उतरले. संध्याकाळी दूध आलं तेव्हा टाकी धुऊन कोरडी होती आणि दुरुस्त झालेला जनरेटर चालू होता.